पाण्यामागे मेखा

तीन भावंडं पाळण्यातच गेली,
मग चौथ्याचं नाव ठेवलं तुर्सिन.
कझाख बोलीत त्याचा अर्थ, राहो.
मी म्हटलं, आमच्याकडे अशा पोराला धोंडू म्हणतात,
दगडाला कोण उचलून नेतंय म्हणून.
तो हसला. खालचे दोनच दात उरलेत.
"म्हणजे मरण तुमच्याकडेही
नावं वाचून येतं."

त्याच्या बापाची होडी होती अराल समुद्रात.
साठ साली पाणी दारापासून चाळीस पावलांवर.
बापानं काठाला एक मेख ठोकली,
सहज, होडी बांधायला.
पुढच्या वसंतात होडी वाळूवर.
म्हणून दुसरी मेख. मग तिसरी.
वरच्या कापसानं नद्या वाटेतच पिऊन टाकल्या.
बाप गेला तेव्हा मेखा होत्या बावीस.
तेविसावी तुर्सिननं ठोकली, तेराव्याच्या आत,
असं आपण म्हणू. ते चाळिसावा पाळतात.

त्या ओळीनं आम्ही दिवसभर चाललो.
शिंपले पायाखाली कुरकुरत होते,
मिठाचा पापुद्रा ओठांवर.
एकतिसाव्या मेखेला एक उंट पाठ घासत होता.
त्याची पाण्याची डोणी म्हणजे
उभं चिरलेलं धातूचं नळकांडं,
आतून काजळलेलं, बाहेर पुसट लाल अक्षरं.
"आकाशातून पडलेलं. जेझ्काझगानच्या भंगारात मिळालं,
दोन मेंढ्या दिल्या."
महाग पडलं असं त्याला अजून वाटतं.

मुलगी बाल्झान बायकोनूरला असते.
अंतराळात नेायच्या पाण्याच्या गाळण्या तपासते.
वर गेलेल्यांचा घाम, श्वासातली वाफ, लघवी,
सगळं गाळून पुन्हा पेल्यात.
थेंब कमी भरला तर वहीत नोंद.
म्हातारा हे फोनवर कितीदा ऐकून झालाय,
तरी विचारतो, लघवीसुद्धा?
मग बराच वेळ काटक्या मोडत बसतो.
"सहा माणसांसाठी एवढी अक्कल.
आम्ही अख्खा समुद्र सांडला,
कुणी वही काढली नाही."

मला वाटलं, आता तो म्हणेल,
कशाला जायचं वर, आधी इथलं सांभाळा.
मी मान डोलवायच्या तयारीत होतो.

तेवढ्यात पूर्वेचं क्षितिज उजळलं.
आवाज नाही. एक नारिंगी टाचणी
अंधार उसवत वर निघाली.
उंटानं रवंथ थांबवलं नाही.
तुर्सिननं टोपी काढली,
होडी पाण्यात लोटताना बाप काढायचा, तशी.

"जाऊ दे. आम्ही कोळी.
सगळं घर एका होडीत बसवत नाही कोणी.
दोन भाऊ तर दोन होड्या.
एक बुडाली तर दुसरा घरी जाऊन सांगतो तरी.
पण बाल्झानला म्हणावं,
तिकडे कुठे पाणी लागलं
तर पहिल्याच दिवशी मेख ठोका.
आटायला लागल्यावर नाही.
आणि पहिलं मूल झालं तर नाव तुर्सिन.
मुलीलाही चालतं."

पहाटे शेवटच्या मेखेकडे निघालो.
पंचेचाळिसावी. पोचताच आलं नाही.
पाणीच आडवं आलं.
धरण बांधल्यापासून इंचाइंचानं परततंय,
सगळीकडे नाही, या उत्तरेच्या तुकड्यात.
सात मेखा पाण्यात होत्या,
टोकांवर पाखरांची शीट.

तुर्सिन गुडघ्यावर बसला,
अडतिसावीच्या बुंध्याला बोट लावलं,
बोट जिभेला.
"ओली आहे," म्हणाला.
एवढंच.
खिशातून फोन काढला. रेंज नव्हती.
तरी हात वर करून
तो बराच वेळ उभा राहिला,
फोन आभाळाकडे धरून,
एका मेखेएवढा उंच.